आश्रित की अतिथी?

सरकारी कचेरीत ज्यांनी चार वर्षे काढली आहेत त्यांना 'आश्रित' हा शब्द नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. वैद्यकीय योजनेचे कार्ड असो वा प्रवास-सवलतीचा अर्ज असो, आपले आईवडील हे आपले आईवडील आहेत एवढे सांगून तेथे भागत नाही. त्यांचे मासिक उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत आहे, असे लिहून द्यावे लागते. हिंदी नमुन्यातील हा 'आश्रित' मराठीत आला की 'अवलंबित' होतो. शब्द कोणताही घेतला तरी सही करताना हात क्षणभर थबकतोच. कारण ज्यांच्या आश्रयाने आपण वाढलो त्यांनाच आपण आपले आश्रित म्हणून जाहीर करीत असतो.

तथापि आपणा बदलीवाल्यांची गोष्ट त्या मानाने सोपी आहे. साताऱ्याहून किंवा चिपळूणहून आईला दिल्लीस आणावयाचे झाले तर आगगाडीचे आरक्षण पुरते. देशात कोठेही जाण्याचे व कोठेही वसण्याचे स्वातंत्र्य राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला दिलेले आहे, आणि त्यासाठी मुलाच्या पगाराचा दाखला कोणी मागत नाही. मुलगा समुद्रापलीकडे गेला म्हणजे मात्र चित्र पालटते. तेथे एक परके सरकार विचारते की, ही माणसे तुमच्या कुटुंबातील आहेत हे आम्ही का मानावे? आपल्याकडे हा प्रश्न कोणाच्या मनातही येणार नाही. पण इंग्लंड, अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलिया या देशांच्या कायद्यांत गेली शंभर वर्षे तोच प्रश्न निरनिराळ्या रूपांनी विचारला जात आहे, आणि त्याची उत्तरेही पालटत गेली आहेत. त्या उत्तरांचा इतिहास येथे थोडक्यात पाहावयाचा आहे.

प्रथम इंग्लंड घेऊ. कारण आपल्या लोकांचा त्या देशाशी संबंध सर्वांत जुना. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ साली स्थापन झाले, यावरूनच तेथील मराठी वस्तीचे वय कळते. १९४८ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्वाच्या कायद्यानुसार राष्ट्रकुलातील नागरिकाला ब्रिटनमध्ये प्रवेश करण्यास व राहण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. मुलाला नव्हती, तशी ती त्याच्या म्हाताऱ्या बापालाही नव्हती. त्या काळात अडचण असे ती आपल्याच बाजूला. पारपत्र देणे न देणे हे सर्वस्वी सरकारच्या मर्जीवर असे. परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६७ च्या एप्रिलमध्ये दिला, आणि त्याच वर्षी पारपत्राचा कायदा झाला. विचित्र योगायोग असा की, आपल्याकडचा दरवाजा असा उघडत असताना पलीकडचा दरवाजा बंद होत चालला होता.

तो बंद होण्यास आरंभ झाला १ जुलै १९६२ रोजी. त्या दिवशी राष्ट्रकुलातून येणाऱ्यांवर निर्बंध घालणारा पहिला ब्रिटिश कायदा अमलात आला. नोकरीसाठी येणाऱ्याला परवाना लागू लागला. जे आधीच तेथे स्थायिक होते त्यांच्या पत्नीला आणि सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेशाचा हक्क कायद्यानेच राखून ठेवला होता. आईबापांचे नाव त्या हक्कात नव्हते. पत्नी व मुले यांचे स्थान कायद्याच्या कलमात, आणि आईबापांचे स्थान अधिकाऱ्यांना द्यावयाच्या सूचनांत, अशी वाटणी तेव्हाच झाली. कचेरीत काम करणाऱ्याला या भेदाचे महत्त्व सांगावयास नको. कलम बदलण्यासाठी लोकसभेसमोर जावे लागते. सूचना एका परिपत्रकाने बदलता येते.

पुढे १९७१ चा कायदा झाला व तो १ जानेवारी १९७३ रोजी अमलात आला. त्याच दिवशी ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायाचा सभासद झाले. या एका तारखेला एकाच देशात म्हाताऱ्या आईबापांसंबंधी दोन न्याय लागू झाले. युरोपीय समुदायाचा १९६८ सालचा एक नियम असा होता की, एका सभासद देशातला कामगार दुसऱ्या सभासद देशात गेला तर त्याच्या पत्नीबरोबर व मुलांबरोबरच त्याच्यावर व त्याच्या पत्नीवर अवलंबून असणाऱ्या आईबापांनाही त्याच्याजवळ राहण्याचा हक्क आहे. सासूसासरेदेखील त्यात आले! तेव्हा इटलीहून आलेल्या कामगाराच्या घरात त्याची आई हक्काने येऊन राहू शकत होती. त्याच गल्लीत राहणाऱ्या भारतीय डॉक्टरच्या आईला मात्र वयाची, वैधव्याची आणि अवलंबित्वाची परीक्षा द्यावी लागे. युरोपीयांचा हा हक्क २०२० च्या अखेरीपर्यंत नव्याने येणाऱ्यांनाही मिळत राहिला.

त्या परीक्षेचे स्वरूप १९९४ च्या नियमावलीत स्पष्ट दिसते. आई किंवा वडील एकटे असतील तर वय ६५ पूर्ण झालेले हवे. दोघे मिळून येत असतील तर दोघांपैकी एकाचे तरी तेवढे वय हवे. ते उदरनिर्वाहासाठी पूर्णतः वा मुख्यतः ब्रिटनमधील अपत्यावर अवलंबून असले पाहिजेत. शिवाय ज्याच्याकडे आधारासाठी जावे असा दुसरा जवळचा नातलग मायदेशी असता कामा नये. गावी थोरला भाऊ असला की धाकट्याचा अर्ज अडला, मग त्या दोघा भावांचे आपसांत कसे का असेना! ६५ वर्षांखालील आईबापांसाठी तर 'अत्यंत अपवादात्मक व अनुकंपनीय परिस्थिती' सिद्ध करावी लागे.

या अनुकंपेची एक कथा सांगण्यासारखी आहे. १९८० च्या दशकातील नियमांत अशा अपवादात्मक अर्जदारांसाठी आणखी एक अट होती: त्यांचे राहणीमान त्यांच्या स्वतःच्या देशातील राहणीमानापेक्षा पुष्कळच खालचे असले पाहिजे. वरवर पाहता अट दयाळू दिसते, कारण खरोखर गरिबांनाच आधार मिळावा असा तिचा अर्थ होतो. पण त्याच नियमाची दुसरी अट अशी की, अर्जदार विलायतेतील नातलगाच्या पैशावर जगत असला पाहिजे. आता भारतातल्या किंवा पाकिस्तानातल्या खेड्यात विलायतेहून दरमहा पाच-दहा पौंड आले की त्या घराचे राहणीमान शेजाऱ्यांच्या वर जाणारच. मुलाने पैसे पाठवले नाहीत तर आई अवलंबित ठरत नाही, आणि पाठवले तर ती पुरेशी दरिद्री राहत नाही. १९८६ साली लंडनच्या उच्च न्यायालयाने ही अट अन्यायाची व असमान ठरवून रद्द केली. श्रीमंत देशांतून येणाऱ्यांना ती पाळता येईल आणि गरीब देशांतून येणाऱ्यांना कधीच पाळता येणार नाही, हा तिच्यातील दोष न्यायमूर्तींनी अचूक हेरला होता.

अट गेली, पण तिच्यातली तर्कपद्धती गेली नाही. ९ जुलै २०१२ रोजी ब्रिटनने हे नियम मुळापासून बदलले. आता केवळ वय आणि पैशाचे अवलंबित्व पुरेनासे झाले. वय, आजार किंवा अपंगत्व यांमुळे रोजचे व्यवहार, म्हणजे आंघोळ, कपडे घालणे, स्वयंपाक, दुसऱ्याच्या दीर्घकालीन मदतीवाचून करता येत नाहीत, हे प्रथम दाखवावे लागते. त्यानंतर अशी मदत मायदेशी मुलाने पैसे पाठवूनही मिळू शकत नाही, कारण ती तेथे उपलब्धच नाही किंवा परवडण्याजोगी नाही, हे सिद्ध करावे लागते. अर्ज परदेशातूनच करावा लागतो. म्हणजे पुन्हा तीच कोंडी. मुलगा चांगला मिळवता असेल तर तो पुण्यात परिचारिका ठेवू शकतो, म्हणून आईला प्रवेश नाही. तो मिळवता नसेल तर तो आईचा भार उचलू शकत नाही, म्हणूनही प्रवेश नाही. तेथील रुग्णालयांत आयुष्य घालविलेल्या भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या संघटनांनी या नियमाविरुद्ध आवाज उठविला. प्रकरण न्यायालयातही गेले. परंतु २०१७ साली अपील न्यायालयाने नियम कायम केला. दुसऱ्यांच्या वृद्ध आईबापांची शुश्रूषा करण्यासाठी ज्यांना बोलाविले त्यांना स्वतःच्या आईबापांची शुश्रूषा करता येऊ नये, यातील विपर्यास न्यायाच्या कक्षेत बसला नाही.

अमेरिकेची कथा उलट्या दिशेने जाते. १९१७ च्या कायद्याने अमेरिकेने येणाऱ्यांवर साक्षरतेची अट घातली. पण आधी आलेल्या माणसाला आपली आई, आजी किंवा पंचावन्न वर्षांवरील वडील व आजोबा निरक्षर असले तरी आणता येतील, असा अपवादही त्यातच ठेवला. म्हाताऱ्या माणसांविषयी एवढा विचार करणाऱ्या याच कायद्याने आशियाचा मोठा भाग निषिद्ध प्रदेश म्हणून आखून टाकला आणि त्यात हिंदुस्थान होता. दया होती, पण ती नकाशा पाहून केलेली होती. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना वर्षाला १०० जागा मिळाल्या आणि अमेरिकेचे नागरिक होण्याची मुभा मिळाली. १९५२ च्या कायद्याने प्रत्येक देशाच्या वाट्यातील तीस टक्के जागा सज्ञान नागरिकांच्या आईबापांसाठी राखल्या. आपल्या वाट्याला शंभर जागा, त्यातील तीस आईबापांच्या! हा हिशेब आज वाचताना हसू येते. पण आईबाप ही स्थलांतराची एक स्वतंत्र पायरी आहे, एवढे तरी त्या कायद्याने मान्य केले होते.

खरा बदल झाला तो १९६५ साली. ३ ऑक्टोबर रोजी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्याने देशवार वाटे मोडीत काढले. नागरिकाची पत्नी वा पती, अज्ञान मुले आणि एकवीस वर्षांवरील नागरिकाचे आईबाप हे 'अगदी निकटचे नातलग' मानून त्यांना संख्येच्या सर्व मर्यादांतून बाहेर ठेवले. आईबाप हे पत्नी व मुले यांच्याच ओळीत बसलेले आहेत असे इतके स्पष्ट उदाहरण या चार देशांत दुसरे सापडत नाही. १९६५ नंतर अमेरिकेस गेलेल्या मराठी इंजिनियर-डॉक्टरांच्या घरांतून पुढे जी आजीआजोबांची पिढी दिसू लागली, तिचे कायदेशीर मूळ येथे आहे. १९८१ साली शिकागो येथे बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले, तेव्हा ती पहिली पिढी तेथे चांगली रुजलेली होती.

परंतु या दाराला किल्ली एकच, आणि ती नागरिकत्वाची. कायम वास्तव्याचा परवाना असलेल्याला आईबापांसाठी अर्ज करता येत नाही. सर्वसाधारणपणे त्या परवान्यानंतर पाच वर्षांनी नागरिकत्व मिळते. नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या परवान्यांत कोणत्याही एका देशास सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. त्यामुळे भारतीयांची रांग दशकांच्या लांबीची झाली आहे. १९७० साली गेलेला तरुण दहाबारा वर्षांत आईवडिलांना नेऊ शकत होता. एकविसाव्या शतकात गेलेल्याच्या हाती किल्ली येईतो आईवडील ऐंशीच्या घरात जातात. कायद्याचे शब्द तेच राहिले. त्यांचा अर्थ रांगेने बदलला.

शिवाय १९९६ साली अमेरिकेने खर्चाची बाजूही पक्की केली. मुलाचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या किमान सव्वापट असले पाहिजे आणि त्याने पालनपोषणाची हमी लिहून द्यावी. ही हमी न्यायालयातून वसूल करता येते. आईवडील नागरिक झाले, त्यांच्या नावे सुमारे दहा वर्षांचे काम जमा झाले, ते देश कायमचे सोडून गेले किंवा मृत्यू पावले, तरच ती संपते. म्हातारपणी मुलाने आईबापांना सांभाळावे ही आपल्याकडे रूढीने चालत आलेली गोष्ट. २००७ साली आपणही तिच्यासाठी कायदा केला. पण अमेरिकेतील हमी ही आईबापांपेक्षा सरकारी तिजोरीच्या संरक्षणासाठी आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

कॅनडाचा आरंभ कटू आहे. १९०८ च्या आज्ञेने मायदेशाहून थेट, न थांबता प्रवास करून येणाऱ्यालाच प्रवेश मिळे. असा थेट प्रवास भारतातून शक्य नाही, हेच तिचे मर्म होते. १९१४ मध्ये व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने अडकून परत फिरलेल्या 'कोमागाटा मारू'ची कथा सर्वांस ठाऊक आहे. १९५१ च्या करारान्वये भारताला वर्षाला १५० जागा मिळाल्या. १९६७ मध्ये वंशाऐवजी गुणांकांची पद्धत आली, आणि १९७६ च्या कायद्याने 'कुटुंब वर्ग' निर्माण करून त्यात आईबापांना जागा दिली. साठाहून अधिक वर्षांत धक्क्यावरून परतविलेल्यांपासून कुटुंबीयांपर्यंत आलेला हा प्रवास लहान नव्हता.

परंतु अर्ज वाढले आणि रांग दीड लाखांहून लांब गेली. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने आईबापांचे नवे अर्ज घेणेच थांबविले, आणि १ डिसेंबरपासून 'सुपर व्हिसा' नावाची नवी सोय सुरू केली. दहा वर्षांची मुदत, प्रत्येक खेपेस दोन वर्षांपर्यंत मुक्काम. मुलाचे पुरेसे उत्पन्न आणि किमान एक लाख डॉलरचा आरोग्यविमा हवा. २०२२ पासून एका खेपेचा मुक्काम पाच वर्षांचा झाला आहे. कायम वास्तव्याचे अर्ज २०१४ मध्ये पुन्हा सुरू झाले, पण वर्षाला पाच हजारांच्या मर्यादेने आणि मुलाने वीस वर्षांची हमी देण्याच्या अटीने. २०१७ मध्ये निवडीसाठी सोडत काढण्यात आली. २०१९ मध्ये 'जो प्रथम येईल त्याला' या तत्त्वाने अर्ज घेतले, तेव्हा ते दालन अवघ्या दहा-अकरा मिनिटांत भरून बंद झाले. लोकांनी इतका आक्षेप घेतला की पुन्हा सोडतीकडे वळावे लागले.

ऑस्ट्रेलियाने हा प्रश्न अंकगणिताने सोडविला. तेथे 'कुटुंबाच्या तोलाची कसोटी' आहे. आईबापांची निम्मी तरी मुले ऑस्ट्रेलियात कायमची राहणारी असली पाहिजेत, किंवा अन्य कोणत्याही एका देशापेक्षा तेथे अधिक असली पाहिजेत. चारांपैकी दोन मुले तिकडे असतील तर दार उघडते. तिघांपैकी दोघे नागपुरात आणि एकच सिडनीत असेल तर उघडत नाही, मग त्या तिसऱ्याजवळच राहावे अशी आईची इच्छा असली तरी. २००३ पासून तेथे भरघोस शुल्क भरून लवकर प्रवेश देणारा वर्ग निघाला. आज हे शुल्क माणशी चाळीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलरांहून अधिक आहे, आणि तरीही आता त्या रांगेत वर्षानुवर्षे थांबावे लागते. कमी शुल्काच्या वर्गातील प्रतीक्षा तर तीस वर्षांच्या आसपास सांगितली जाते. पासष्ट वर्षांच्या माणसाला तीस वर्षे थांबावयास सांगणे म्हणजे नकाराचीच सभ्य भाषा होय. २०१९ मध्ये तेथेही तात्पुरत्या मुक्कामाचा नवा व्हिसा आला: एका वेळी तीन किंवा पाच वर्षे, आणि एकंदरीत दहा वर्षांपर्यंत.

या सरकारांची बाजू ऐकून घेणे न्यायाचे होईल. म्हातारपणी येणारा माणूस त्या देशात कर भरलेला नसतो, आणि रुग्णालयाचा खर्च मात्र त्याच वयात सर्वांत अधिक येतो. ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगाने २०१६ मध्ये दर माणशी हा आजन्म बोजा ३,३५,००० ते ४,१०,००० डॉलरांच्या दरम्यान काढला होता. हिशेब खोटा नाही. पण त्याच्या दुसऱ्या पानावर काय लिहावयाचे, हा वाद उरतोच. नातवंडे सांभाळणाऱ्या आजीच्या श्रमांची किंमत त्यात कोठे धरली जाते? आईवडिलांच्या काळजीने नोकरी सोडून मायदेशी परतणाऱ्या डॉक्टरच्या जाण्याने जे नुकसान होते, ते कोणत्या रकान्यात पडते?

या साऱ्या इतिहासाकडे एकत्र पाहिले म्हणजे एक दिशा स्पष्ट दिसते. १९६० व १९७० च्या दशकांत या देशांपुढे प्रश्न होता तो आईबाप कुटुंबात धरावयाचे की नाहीत हा, आणि त्याची उत्तरे संकोचाने का होईना 'होय' अशी दिली गेली. २०११ नंतरची उत्तरे वेगळी आहेत. आईबाप यावेत, पण पाहुणे म्हणून यावेत. विमा घेऊन यावेत आणि मुदत संपताच परतावे. कॅनडाचा सुपर व्हिसा आणि ऑस्ट्रेलियाचा २०१९ चा व्हिसा ही त्याची उघड उदाहरणे होत. आश्रित म्हणून येणाऱ्याला निदान घरात जागा असे. अतिथीला जागा असते ती तिथीपुरती.

पुष्कळ आईबापांना हेच सोयीचे वाटते, हेही खरे आहे. सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे. तिकडे नातवंडे, इकडे आपले घर, आपली भाषा, आपले देऊळ. अमेरिकेचा कायम परवाना घेऊन वर्षातील बहुतेक काळ मायदेशी राहणाऱ्याला तो परवाना गमावण्याचे भय असते. पाहुण्याला ते नसते. पण पाहुणेपणाची ही सोय हिंडत्याफिरत्या म्हातारपणाची आहे. विमानाच्या पायऱ्या चढवेनाशा झाल्या, किंवा दोघांतले एक निघून गेले, म्हणजे ती संपते. आणि नेमका तोच क्षण असा असतो की, तेव्हा मुलाजवळ राहण्याची गरज सर्वांत अधिक असते. सोय गरज नसताना मिळते आणि गरज पडताच आटते, हा या नव्या व्यवस्थेतील सर्वांत मोठा दोष मला वाटतो.

या कायद्यांनी म्हाताऱ्या माणसाला वय विचारले, दारिद्र्य विचारले, मुलांची संख्या व पत्ते विचारले, आजाराचा दाखला मागितला. तुम्हांला कोणाजवळ राहावयाचे आहे, हा रकाना मात्र कोणत्याही नमुन्यात सापडत नाही. तो आपल्या नमुन्यांतही नाही, हे मी जाणतो. पण आपल्याकडे तो प्रश्न अजून घरात विचारता येतो, आणि उत्तर मिळाले की आरक्षणाच्या खिडकीशी जाऊन उभे राहता येते. दूर बदली झाली म्हणून कुरकुर करताना आपले हे भाग्य आपण अधूनमधून आठवावे.